पीएचसीत कोण काय करतं? नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एमबीबीएस झालो. बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी घाटाखालच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर (पीएचसी) नेमणूक आली आहे. हजेरीपटावर तीसेक नावं दिसली. सेविका, सहायिका, सीएचओ, गटप्रवर्तक... निम्म्या पदांचा अर्थच लागला नाही. कोणाचं काम काय आणि मी कोणाकडून काय करून घ्यायचं?"

मी जिल्हा परिषदेच्या सेवेत 24 वर्षं काढली. त्यातली बहुतेक पीएचसीवर गेली आणि शेवटची काही तालुक्याला. पदांच्या कर्तव्यसूची तुम्हाला कार्यालयातल्या फाइलीत मिळतील, त्या वाचाच. पण माझा अनुभव असा की पीएचसीत घोटाळे होतात ते एखाद्याने आपलं काम केलं नाही म्हणून फार कमी वेळा. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, त्या सांध्यात निरोप गळतो आणि तिथे माणूस अडकतो. म्हणून मी पदांइतकंच त्या सांध्यांबद्दल लिहिणार आहे.

आधी नकाशा. सपाटीवर 30,000 आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येला एक पीएचसी, आणि 5,000 किंवा 3,000 ला एक उपकेंद्र, असा निकष आहे. म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा उपकेंद्रं असतील, पीएचसीत सहा खाटा असतील. तुमच्या वर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी, सगळं जिल्हा परिषदेचं. तुम्ही जिथे पेशंट पाठवणार ते ग्रामीण रुग्णालय मात्र सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतं. नुसती चिठ्ठी देऊन पेशंट पाठवला तर तो एका घरातून निघून अनोळखी दुसऱ्या घरात जातो. तिथल्या ड्युटी डॉक्टरचा नंबर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि गाडी निघायच्या आधी फोन करत जा. ही पहिली सांध.

आता गावापासून सुरुवात करू, कारण तुमच्या टेबलापर्यंत येणारी जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची बातमी आधी आशाला, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, कळलेली असते. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हे पद आलं, साधारण हजार लोकवस्तीला एक. ती सरकारी नोकर नाही. तिला कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो उशिराही मिळतो. हे डोक्यात ठेवून तिच्याशी बोला. महिन्याच्या मीटिंगमध्ये चाळीस जणींसमोर एखाद्या आशाताईला उभं करून झापणारे डॉक्टर मी पाहिलेत. पुढच्या महिन्यापासून त्या गावातून वाईट बातमी येणं बंद होतं, आणि डॉक्टरांना वाटतं गाव सुधारलं.

तिचं काम नेमकं काय, हे कागदावरून कळत नाही. एकदा तिच्याबरोबर बाळंतिणीच्या घरी जा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते; घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. अंधारी खोली, शेगडीची ऊब, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. आधी हात धुणार. मग झोळीच्या काट्यावर वजन. मग बाळ शांत असताना पोटावरचं कापड बाजूला करून, घड्याळ डोळ्यांसमोर धरून ती पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. 60 किंवा जास्त भरले तर लगेच घाबरवत नाही, पुन्हा एकदा मोजते. दुसऱ्यांदाही तेवढेच आले की उपकेंद्राच्या सिस्टरला फोन. सातवी-दहावी शिकलेली बाई हे करू शकते, हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवून दिलं: गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने, आणि त्याच्याही आधी 1970 पासून जामखेडमध्ये आरोळे दांपत्याच्या प्रकल्पाने. आशा ही कल्पना त्याच मातीतली आहे.

वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तिच्याकडे आशांच्या हिशेबाचे कागद असतात म्हणून तिला कारकून समजू नका. कोणत्या वाडीतली आशा दोन महिने आजारी आहे, कोणाच्या नवऱ्याने काम सोडायला लावलंय, हे तिला ठाऊक असतं.

अंगणवाडी सेविका तुमच्या हजेरीपटावर नाही. तिचं खातं महिला व बालविकास. पण सहा वर्षांखालच्या पोरांची वजनं तिच्याकडे आणि औषधं तुमच्याकडे. दर महिन्याचा ग्राम आरोग्य पोषण दिन तिच्याच अंगणवाडीत होतो. तिथे उपकेंद्राची आरोग्य सेविका लस टोचून निघून गेली आणि अंगणवाडीताई खिचडी वाटत राहिली, तर तीव्र कुपोषित पोर दोघींच्या मधून निसटतं. त्या दिवशी वजनाचं रजिस्टर आणि लसीचं रजिस्टर एका चटईवर शेजारी शेजारी उघडून बसायचं, एवढंच करायला लावा.

उपकेंद्राचा कणा म्हणजे आरोग्य सेविका. लोक तिला 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतात, कागदावर एएनएम. गरोदर मातांच्या किमान चार तपासण्या, लसीकरण, कुटुंबनियोजन, काही ठिकाणी बाळंतपणं आणि न संपणारी रजिस्टरं. बहुतेक उपकेंद्रात दोघी असतात, एक नियमित आणि एक कंत्राटी. काम सारखं, पगारात मोठा फरक. त्यावरून धुसफूस चालते. ती तुम्ही मिटवू शकणार नाही, पण गावं वाटून लेखी दिलीत तर निम्मी भांडणं थांबतात.

याच उपकेंद्रात 2018 नंतर नवं माणूस आलं: समुदाय आरोग्य अधिकारी, सीएचओ. आयुष्मान भारतखाली उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, आता पाटी आयुष्मान आरोग्य मंदिराची आहे. आपल्या राज्यात या पदावर बीएएमएस झालेले पुष्कळ आहेत, नर्सिंगवालेही आहेत. सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेले. आता कल्पना करा, 20 वर्षं त्याच गावात काढलेल्या सिस्टर, आणि 26 वर्षांचा सीएचओ 'या टीमचा प्रमुख मी' असं सांगत हजर. नियमाने तो बरोबर आहे. गाव मात्र सिस्टरला ओळखतं. त्यात सीएचओचा कामावर आधारित मोबदला ज्या आकड्यांवर ठरतो, ते आकडे भरायला सेविका आणि आशा लागतात.

मी हे असं लावून दिलं होतं: माता, बाळ आणि लस यांत सिस्टरचा शब्द शेवटचा. रोजची ओपीडी, बीपी-शुगर, तिशीच्या पुढच्यांची तपासणी आणि ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला, यांत सीएचओचा. दोघांनी एकमेकांच्या रजिस्टरमधली जोखमीची नावं आठवड्यातून एकदा वाचायची. गरोदर बाईचं बीपी सीएचओच्या ओपीडीत 150/100 निघालं आणि ते फक्त त्याच्याच ॲपमध्ये राहिलं, असं होता कामा नये. हे मी उगाच सांगत नाही.

आरोग्य सेवकाला म्हातारी माणसं अजून 'मलेरियावाले' म्हणतात, आणि ते चूक नाही. एकेकाळी मलेरियाचा माणूस वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असायचा. 1973 च्या कर्तारसिंग समितीने हे सगळे एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी केले. तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना, डासअळ्यांचं कंटेनर सर्वेक्षण, गप्पी मासे, क्षयरोग्याच्या घरातल्या इतरांची तपासणी, साथीचं लक्ष, सगळं त्याच्याकडे. पण घाटाखाली पावसाळ्यात तुमच्यासाठी त्याचं सर्वात मोलाचं काम म्हणजे पाणी.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणं हे ग्रामपंचायतीचं, म्हणजे जलसुरक्षकाचं काम. ते पडलं की नाही हे बघणं सेवकाचं. पाण्यात पावडर टाकून तासभराने नळाच्या किंवा घरातल्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पावडरचं बारदान उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि पांढरी माती उरते. ती प्रामाणिकपणे टाकूनही जुलाबाची साथ येते. म्हणून त्याने पाण्याबरोबर पावडरचाही नमुना पाठवला पाहिजे. 'ओटी निगेटिव्ह' असा शेरा त्याने वहीत लिहिला आणि ग्रामसेवकाला सांगितलं नाही, तर तो शेरा कोणाच्या उपयोगाचा? सलग दोन निगेटिव्ह आले की तुमच्या सहीने ग्रामपंचायतीला पत्र जाऊ द्या. सेवकाच्या तोंडी निरोपाने सरपंच हलत नाहीत, पत्राने थोडे हलतात.

सेवक-सेविकांच्या वर आरोग्य सहायक आणि आरोग्य सहायिका असतात. ही पर्यवेक्षणाची पदं. हल्ली ती पीएचसीच्या एका खोलीत बसून रिपोर्टांची बेरीज करणारी पदं झाली आहेत, आणि याचा दोष वरून रोज एक नवा तक्ता मागणाऱ्या आम्हा तालुकावाल्यांचाही आहे. तुम्ही मात्र त्यांना बाहेर पाठवा. अनुभवी सहायिका उपकेंद्रात जाऊन दहा मिनिटांत जे पाहते ते तुम्हाला वर्षभर दिसणार नाही.

लसीकरणाच्या सकाळीच बघा. शीतसाखळी, म्हणजे लसी थंड ठेवायची व्यवस्था, सांभाळायचं काम कुठे सहायिकेकडे, कुठे फार्मासिस्टकडे असतं. तुमच्याकडे कोण ते विचारून घ्या. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक दगडासारखे असतात. ते तसेच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घातले तर पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठते आणि निकामी होते. म्हणून ते टेबलावर मांडून ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, आणि अधूनमधून एकेक पॅक कानाजवळ नेऊन हलवायचा. आत पाणी खळखळलं की तयार. मग कॅरियरमध्ये चार पॅक आणि मधे कुप्यांची पिशवी. साडेसातला जीप ताटकळत उभी, चालक हॉर्न देतोय, आणि आमच्या एक जुन्या सहायिका कानाशी पॅक धरून शांत उभ्या: "थांबा हो भाऊ, अजून बोलला नाही." मला शीतसाखळी त्या बाईंनी शिकवली. परत आलेल्या उघड्या कुप्यांपैकी पेंटाव्हॅलंटची 28 दिवस वापरता येते, पण बीसीजी आणि गोवर-रुबेला पातळ केल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच फेकायची. यात तडजोड करणाऱ्याला पाठीशी घालू नका.

आता प्रयोगशाळा, आणि माझी चूक. मी एका पीएचसीत नवीन होते. आठव्या महिन्यातली एक बाई तपासणीला आली, रक्त दिलं, घरी गेली. हिमोग्लोबिन 6.4 आलं. तंत्रज्ञाने ते रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी उपकेंद्राच्या खणात ठेवली. त्यांचं काम तिथे संपलं. सेविका रजेवर होती. दुसरी सेविका आपल्या गावांचे खण बघून गेली. मी रजिस्टरवर आठवड्याच्या आठवड्याला सही करत होते, न वाचता. अकरा दिवसांनी ती बाई कळा येऊन दाखल झाली, प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला, जिल्ह्याला नेताना गाडीत मी तिची नाडी सोडली नाही. तीन बाटल्या रक्त लागलं. वाचली. दोन दिवसांनी तिचा नवरा आला, रागावला नव्हता, नुसतं विचारलं, "मॅडम, तपासणी तर केली होती ना?"

चौकशीत कोणाचीच चूक निघाली नसती. प्रत्येकाचं काम ज्याच्या त्याच्या वहीत पूर्ण होतं. त्यानंतर मी लॅबच्या रजिस्टरला एक रकाना वाढवला: 'कोणाला कळवलं, किती वाजता'. हिमोग्लोबिन 7 च्या खाली, मलेरिया पॉझिटिव्ह, क्षयासाठी थुंकी पॉझिटिव्ह, असं काही आलं की तंत्रज्ञाने त्याच मिनिटाला सेविकेला आणि मला फोन करायचा आणि रकाना भरायचा. खणातल्या चिठ्ठीला निरोप मानायचं नाही. हा रकाना तुम्ही रुजू व्हाल त्या दिवशी आखून घ्या, परवानगी लागत नाही.

फार्मासिस्ट म्हणजे औषध निर्माण अधिकारी. खिडकीतून गोळ्या देणं हे त्यांचं दिसणारं काम. साठा, मुदत, मागणीपत्र, ई-औषधीवरच्या नोंदी हे न दिसणारं. दर सोमवारी त्यांना चारच आकडे विचारा: सर्पदंशाची लस किती, रेबीजची किती, बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन किती, गरोदरपणातले झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट किती. ऑक्सिटोसिन गार ठेवावं लागतं, पण लसींच्या आयएलआरमध्ये (खास लसींच्या शीतपेटीत) ठेवायचं नाही, त्याला वेगळा फ्रिज. आणखी एक: आयर्न आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, हे खिडकीत दर गरोदर बाईला सांगितलं जातंय का, ते एकदा बाहेरच्या रांगेत उभं राहून ऐका.

रात्रीची पीएचसी स्टाफ नर्सची असते. तुम्ही क्वार्टरमध्ये असाल, ती लेबर रूममध्ये. साप चावलेला माणूस रात्री दोनला आला की तुम्ही चपला घालून पोचेपर्यंत तिने काय करावं, हे आधी ठरलेलं असू द्या. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, प्लास्टिकच्या नव्हे. नळी न हलवता 20 मिनिटं ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. त्या 20 मिनिटांत ती पेशंटला वर बघायला सांगते, पापण्या पडतात का ते पाहते. कारण नाग-मण्याराच्या दंशात रक्त नीट गोठतं आणि तरी श्वास बंद पडतो. घाटाखाली मण्यार भरपूर. सर्पविषाची लस सुरुवातीला 10 कुप्या, मोठ्याला आणि लहान पोराला सारख्याच; तीव्र ॲलर्जी आली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून शेजारी. नर्सला हे येत असेल तर तुम्ही फक्त निर्णय घ्यायला पोचता. येत नसेल तर तुमची पहिली 20 मिनिटं नळी शोधण्यात जातात.

बाकीच्यांबद्दल भरभर सांगते. पीएचसीची 102 ची गाडी आणि 108 या वेगळ्या व्यवस्था आहेत. कोणती कधी बोलवायची हे चालकाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, कोणत्या पुलावर पाणी आहे तेही. स्त्री परिचर, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, लेबर रूममधल्या बाईचा हात धरून बसतात. ते कोणत्याच कर्तव्यसूचीत नाही. सफाई कामगाराशिवाय तुमचं शवविच्छेदन होणार नाही, आणि बंधपत्राच्या वर्षात ते तुम्हाला करावं लागेलच. त्यांना हातमोजे, गमबूट आणि साबण आधी द्या, मग स्वतःचे शोधा. कनिष्ठ सहाय्यकाकडे पगारबिलं, प्रवासभत्ते, रुग्ण कल्याण समितीचा हिशेब. आहरण-संवितरणाची, म्हणजे सरकारी पैसे काढण्या-वाटण्याची, सही तुमची असेल तर एकही बिल न वाचता सोडू नका. यात मी जास्त लिहीत नाही. पण निवृत्तीनंतर दहा वर्षांनी लेखा आक्षेपांना उत्तरं देणारे डॉक्टर मला माहीत आहेत.

राहिले तुम्ही. ओपीडी, बाळंतपणं, शवविच्छेदन, सह्या, व्हिडिओ कॉन्फरन्स यांत दिवस संपेल आणि तुम्हाला वाटेल की आपण डॉक्टर कमी आणि कारकून जास्त झालो. वाटू दे. पण आठवड्यातून पाव तास राखून ठेवा. मी शुक्रवारी दुपारी तीनला पंधरा मिनिटं उभ्याने बैठक घ्यायचे: प्रत्येक सेविकेने फक्त जोखमीच्या मातांची नावं सांगायची, तारखेसकट. मग सेवकाने वाईट पाण्याची गावं. मग तंत्रज्ञाने त्या आठवड्यातले लाल आकडे. कोणी खुर्ची घेतली की बैठक लांबते, म्हणून उभ्याने.

कोणाकडून काय करून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिले पंधरा दिवस काहीच करून घेऊ नका. दोन वैद्यकीय अधिकारी असतील तर दुसऱ्यांना एक दिवस ओपीडी सांभाळायला सांगा आणि सर्वात लांबच्या उपकेंद्राच्या लसीकरणाला सिस्टरबरोबर जा. जीपमध्ये पुढे बसू नका, मागे कॅरियरशेजारी बसा. जेवण त्या देतील. नाही म्हणू नका. आणि येताना बूट घालू नका, वाटेत ओढा लागेल.